पिकल: सोळा दिवसांची लेटन्सी आणि एक छोटं जहाज



मेसेज पाठवला की आपण आधी काय बघतो? टिक. एक टिक आली की निघाला, दोन आल्या की पोहोचला, निळ्या झाल्या की वाचला. मध्ये पाच सेकंद जास्त गेले तरी आपण वायफाय बंद-चालू करून बघतो. आता अशी कल्पना करा की पहिली टिक आणि निळी टिक यांच्यात सोळा दिवस आहेत. आणि मेसेज असा आहे की "लढाई जिंकली, पण आपला सेनापती गेला."

हे खरंच घडलं. २१ ऑक्टोबर १८०५ ला स्पेनच्या किनाऱ्याजवळ ट्रफाल्गरची लढाई झाली. ब्रिटिश नौदलाने फ्रान्स आणि स्पेनच्या एकत्र ताफ्याला हरवलं, पण अ‍ॅडमिरल नेल्सन मारला गेला. लंडनला हे कळलं ६ नोव्हेंबरला, मध्यरात्री एक वाजता. आणि ही बातमी नेली कुणी? शंभर तोफांच्या एखाद्या राक्षसी जहाजाने नाही. ताफ्यातल्या सगळ्यात लहान दोन जहाजांपैकी एकाने. त्याचं नाव पिकल. हो, बरोबर वाचलंत, लोणचंच!

आजच्या लेखात आपण बघूया की ब्रिटिश नौदलातली ही छोटी, थोड्याशा तोफा लावलेली शिडाची जहाजं नेमकी काय करायची, ती कशी चालायची, आणि त्यांच्याशिवाय मोठी जहाजं आंधळी-बहिरी का झाली असती.

नौदलाची "रेटिंग" म्हणजे काय?

ब्रिटिश नौदलात जहाजांना तोफांच्या संख्येवरून दर्जा दिला जायचा. पहिला दर्जा म्हणजे १०० किंवा जास्त तोफा. असं उतरत सहाव्या दर्जापर्यंत, तिथे वीसेक ते अठ्ठावीस तोफा. या सगळ्या जहाजांवर कॅप्टन हुद्द्याचा अधिकारी असायचा.

त्याच्या खाली जे काही उरतं, त्याला दर्जाच नाही. म्हणजे रेटिंगमध्ये नावच नाही. पण संख्येने ही जहाजं शेकड्यांनी होती. त्यांचे मुख्य प्रकार असे:

- स्लूप: गंमत म्हणजे नौदलात हा शब्द जहाजाच्या आकारापेक्षा त्याच्या अधिकाऱ्यावर ठरायचा. कॅप्टनच्या खालच्या "कमांडर" हुद्द्याचा अधिकारी असेल तर ते स्लूप. आपल्या ऑफिसातल्या डेझिग्नेशनसारखं.
- ब्रिग: दोन डोलकाठ्या, दोन्हींवर चौकोनी शिडं.
- कटर: एकच डोलकाठी, मोठं शीड, वेग भरपूर.
- स्कूनर: दोन डोलकाठ्या आणि जहाजाच्या लांबीच्या दिशेने लावलेली शिडं. पिकल याच प्रकारातली.

ट्रफाल्गरला नेल्सनकडे २७ मोठी लढाऊ जहाजं होती, ४ फ्रिगेट होत्या आणि फक्त २ छोटी जहाजं होती: स्कूनर पिकल आणि कटर आंत्रप्रनांत. फरक बघा. नेल्सनच्या व्हिक्टरीवर १०४ तोफा आणि आठशेच्या वर माणसं. तोफांच्या मजल्याची लांबी १८६ फूट. पिकल साधारण ७३ फूट, म्हणजे दोन एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढीच. माणसं चाळीसेक. तिचा प्रमुख कॅप्टनही नव्हता, लेफ्टनंट होता: जॉन रिचर्ड्स लापेनोटिएर.

ही कल्पना आपल्याला अगदीच नवी नाही बरं का. आंग्र्यांच्या आरमारात मोठ्या गुराबांबरोबर हलकी गलबतं असायचीच. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारातही गुराबं आणि गलबतं होती. मोठं जहाज मार देणार, लहान जहाज पळणार, शोधणार, निरोप आणणार. समुद्रावर काम करणाऱ्या सगळ्यांनाच ही विभागणी करावी लागली.

लहान जहाज वेगळं कसं चालतं?

इथे थोडं फिजिक्स येतं, पण सोपं आहे.

मोठ्या जहाजांची मुख्य शिडं चौकोनी असायची आणि डोलकाठीला आडव्या दांड्यावर लावलेली असायची. वारा मागून आला की एकदम मस्त. पण जिथे जायचंय तिथूनच वारा येत असेल तर? कुठलंही शिडाचं जहाज थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. ते तिरकं जातं, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरकं जातं, असं नागमोडी करत पुढे सरकतं. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या दिशेपासून साधारण ६० ते ७० अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाही. म्हणजे बरंच अंतर कापून पुढे जाणं थोडंसंच.

स्कूनरची शिडं लांबीच्या दिशेने असतात. त्यामुळे ती वाऱ्याच्या जास्त जवळ, ढोबळमानाने ५० अंशांपर्यंत जाऊ शकते. तिची नागमोडी वाट त्यामुळे बरीच कमी भरते. शिवाय ही शिडं डेकवरूनच दोऱ्या ओढून हाताळता येतात, वर चढून काम करायला डझनावारी खलाशी लागत नाहीत. कमी माणसं म्हणजे कमी अन्न-पाणी, कमी वजन. मोबाइलच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर साधं, पण बॅटरी जास्त टिकते.

तोफांचं काय? लहान जहाजावर लांब तोफ ठेवणं परवडत नाही. ३२ पौंडी गोळा फेकणारी लांब तोफ पावणेतीन टनांच्या आसपास वजनाची असायची. यावर उपाय निघाला स्कॉटलंडमधल्या कॅरॉन कंपनीच्या कारखान्यात, म्हणून त्या तोफेचं नाव कॅरोनेड. आखूड नळी, पातळ भिंत, कमी दारू. ३२ पौंडी कॅरोनेडचं वजन एका टनाहूनही कमी! जवळून मारली तर भयंकर, पण लांबवर पोहोचत नाही. पिकलवर यापेक्षाही हलक्या, १२ पौंडी कॅरोनेड होत्या, आणि त्याही मोजक्या. एखादं खासगी लुटारू जहाज अंगावर आलं तर पुरेशा. व्हिक्टरीसारख्या जहाजापुढे मात्र फटाके.

म्हणून लढाई सुरू झाली की पिकलला स्पष्ट काम होतं: रांगेच्या बाहेर राहायचं.

मग ताफ्याचं नेटवर्क कसं होतं?

समुद्रावर तेव्हा निरोप द्यायचा मुख्य पटकन मार्ग होता: झेंडे. समोरच्याला दिसले तर निरोप पोहोचला. धुकं, धूर किंवा रात्र असेल तर नेटवर्क गेलं.

पण साखळी केली तर हे नेटवर्क लांबवता येतं. १९ ऑक्टोबरला सकाळी कादिझ बंदराजवळ पहारा देणाऱ्या सिरियस फ्रिगेटने पाहिलं की शत्रूची जहाजं बाहेर पडतायत. तिने झेंडे चढवले. ते पुढच्या जहाजाने पाहिले, त्याने तेच झेंडे चढवले, मग त्याच्या पुढच्याने. असं उड्या मारत सुमारे ५० मैलांवरच्या नेल्सनपर्यंत निरोप दोन-अडीच तासांत पोहोचला. आपला फोन टॉवरवरून टॉवरवर जातो, तसंच.

आता कोडिंग करणाऱ्यांसाठी खास गोष्ट. प्रत्येक अक्षरासाठी झेंडा लावत बसलं तर वाक्य संपायच्या आत लढाई संपेल. म्हणून होम पोपम या अधिकाऱ्याने शब्दांचा कोश केला होता. प्रत्येक शब्दाला एक नंबर. तीन झेंड्यांत एक अख्खा शब्द. म्हणजे सरळ सरळ डेटा कॉम्प्रेशन! लढाईच्या सकाळी नेल्सनला सगळ्या ताफ्याला संदेश द्यायचा होता की इंग्लंडला प्रत्येकाकडून कर्तव्याची अपेक्षा आहे. त्याला आधी "विश्वास आहे" अशा अर्थाचा शब्द हवा होता. पण सिग्नल पाहणारा लेफ्टनंट पास्को म्हणाला की तो शब्द कोशात नाही, अक्षरं लावत बसावं लागेल, "अपेक्षा" कोशात आहे. नेल्सनने शब्द बदलला. तरी "कर्तव्य" या अर्थाचा इंग्रजी शब्द कोशात नव्हताच, तो चार अक्षरांत लावावा लागला. म्हणजे इतिहासातलं ते प्रसिद्ध वाक्य थोडंफार कोशाच्या साइजने ठरवलं.

पण या नेटवर्कची मर्यादा लक्षात घ्या. साखळी जिथे संपते तिथे निरोप संपतो. ट्रफाल्गरपासून इंग्लंडपर्यंत समुद्राने हजार मैलांच्या वर अंतर. एवढी जहाजं ओळीने उभी करणं शक्यच नाही. मग एकच उपाय उरतो: निरोप कागदावर लिहा, एका जहाजात ठेवा आणि ते जहाजच पाठवा. नेट नसेल तेव्हा आपण पेनड्राइव्ह खिशात टाकून मित्राकडे जातो ना, अगदी तेच. पिकल म्हणजे नौदलाचा पेनड्राइव्ह.

लढाईनंतर: आग, वादळ आणि एक पत्र

लढाईच्या शेवटी फ्रेंच जहाज आशीलला आग लागली. आपल्या तोफा कधी उडतील सांगता येत नाही अशा जळत्या जहाजाजवळ जाऊन पिकल, आंत्रप्रनांत आणि इतर जहाजांच्या होड्यांनी शत्रूचेच खलाशी पाण्यातून बाहेर काढले. पिकलच्या होडीने वाचवलेल्यांमध्ये जानेट नावाची एक फ्रेंच बाईही होती. नवऱ्यासोबत राहायला ती जहाजावर आलेली होती.

त्यानंतर मोठं वादळ आलं आणि बरेच दिवस टिकलं. डोलकाठ्या तुटलेली जहाजं किनाऱ्याकडे वाहू लागली. ब्रिटिशांनी पकडलेल्या जहाजांपैकी शेवटी फक्त ४ हाताशी राहिली. नेल्सनच्या जागी आलेला कॉलिंगवुड या गोंधळात अडकला होता. बातमी पाठवायला वेगवान फ्रिगेट होत्या, पण त्या मोडक्या जहाजांना ओढण्यात गुंतलेल्या. त्यातली एक तर त्याने स्वतःचं मुख्य जहाज केली होती. सोडता येईल असं जहाज म्हणजे पिकल. २६ ऑक्टोबरला त्याने लापेनोटिएरच्या हातात पत्रं दिली.

लढाई होऊन पाच दिवस झाले होते, आणि आत्ता कुठे पहिली टिक आली होती.

एक हजार मैल आणि २१ वेळा घोडे

वाटेत पिकल वादळात सापडली. पाणी आत येऊ लागलं. वजन कमी करण्यासाठी चार कॅरोनेड समुद्रात टाकून दिल्या. विचार करा, लढाऊ जहाजाने आपल्या तोफा फेकल्या, कारण त्या क्षणी तोफांपेक्षा पत्र महत्त्वाचं होतं. पुढे उलटंच झालं: वारा पडला. तेव्हा माणसांनी लांब वल्ही काढली आणि जहाज वल्हवलं. हे फक्त लहान जहाजालाच जमतं. व्हिक्टरी वल्हवून बघा!

४ नोव्हेंबरला लापेनोटिएर इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळच्या फॅलमथ बंदरात उतरला. तिथून लंडन २७१ मैल, म्हणजे सुमारे ४३६ किलोमीटर. घोडागाडीने तो साधारण ३७ तासांत पोहोचला. घोडे २१ वेळा बदलले. खर्च झाला ४६ पौंड, १९ शिलिंग, १ पेनी. सरासरी वेग काढला तर ताशी १२ किलोमीटरच्याही आत येतो. आज सायकलवाला याहून जोरात जातो, पण त्या काळात रात्रंदिवस न थांबता हा वेग म्हणजे कमालच.

रात्री एकच्या सुमाराला तो नौदलाच्या मुख्य कार्यालयात पोहोचला. सचिव विल्यम मार्सडेन झोपायला निघालेच होते. लापेनोटिएरने उभ्या उभ्या दोनच गोष्टी सांगितल्या: विजय आणि नेल्सनचा मृत्यू. मग मार्सडेन हातात मेणबत्ती घेऊन नौदलाच्या वयोवृद्ध प्रमुखांना, लॉर्ड बारहॅमना, उठवायला गेले. पंतप्रधान पिट यांना पहाटे तीनला उठवलं.

टेलिग्राफ नव्हता का?

होता, पण विजेचा नाही. लंडन ते पोर्ट्समथ टेकड्यांवर खोपटी बांधून त्यावर सहा-सहा फळ्यांची चौकट लावलेली होती. प्रत्येक फळी उघडी किंवा बंद. हे ओळखीचं वाटतंय? सहा बिट! दोनाचा सहावा घात, म्हणजे ६४ वेगवेगळे संकेत. चांगल्या हवेत पोर्ट्समथहून लंडनला निरोप काही मिनिटांत जायचा. पण पश्चिमेकडे प्लिमथपर्यंतची लाइन सुरू झाली १८०६ मध्ये. पिकल आली १८०५ मध्ये, आणि तीही प्लिमथच्याही पलीकडे. म्हणजे टॉवरचं काम चालू आहे आणि आपण रेंजच्या बाहेर!

बॅकअप: दुसरं जहाज

वाटेत २८ ऑक्टोबरला पिकलची नॉटिलस नावाच्या स्लूपशी गाठ पडली. तिचा प्रमुख जॉन साइक्स. बातमी कळल्यावर तो आधी लिस्बनला गेला, तिथल्या ब्रिटिश राजदूतासाठी निरोप पोहोचवला, आणि मग तोही इंग्लंडकडे सुटला. प्लिमथला उतरून तोही लंडनला धावला आणि लापेनोटिएरनंतर थोड्याच वेळात पोहोचला.

यात शर्यतीची गंमत आहेच, कारण पहिल्या येणाऱ्याला बढती आणि बक्षीस मिळणार होतं. लापेनोटिएरला कमांडर केलं आणि ५०० पौंड दिले. पण इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर ही रिडंडन्सी आहे. बातमी नेणारं जहाज बुडालं असतं तर? तोफा फेकण्यापर्यंत वेळ आली होती, म्हणजे ते अशक्य नव्हतं. दुसऱ्या मार्गाने दुसरी प्रत निघालेली असणं, हाच खरा विमा.

सोळा दिवसांची किंमत काय?

आता मुद्द्याचं बोलू. उशीर झाला तर काय बिघडलं? जिंकायचे ते जिंकलेच होते.

बिघडतं. जिब्राल्टरच्या वर्तमानपत्रात ही बातमी २४ ऑक्टोबरला छापून आली, कारण ते जवळ होतं. पण लंडनमध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोहोचली ती दुसरीच बातमी: नेपोलियनने उल्मला ऑस्ट्रियाचं सैन्य शरण आणलं. त्या काही दिवसांत लंडनच्या लोकांच्या हातात फक्त पराभव होता. त्यांच्या समुद्रावरचा विजय होऊन दोन आठवडे उलटत आले होते, पण त्यांच्यासाठी तो झालेलाच नव्हता. त्यांचे निर्णय, भीती, बाजारातले भाव, सगळं एका जुन्या झालेल्या जगावर चाललं होतं. लेटन्सीचा खरा अर्थ हाच आहे. मेसेज हळू येतो एवढंच नाही, तो येईपर्यंत तुम्ही चुकीच्या वर्तमानात जगता.

आणि ही लेटन्सी सगळ्यांना सारखी नव्हती. पंतप्रधानांना पहाटे तीनला उठवलं. ६ नोव्हेंबरलाच सरकारी गॅझेटचा खास अंक निघाला. पण ब्रिटिश बाजूचे सुमारे ४५० लोक मारले गेले होते. गॅझेटमधल्या याद्यांत अधिकाऱ्यांची नावं आली, साध्या खलाशांचे मात्र आकडे. "इतके मेले, इतके जखमी." पोर्ट्समथच्या गल्लीत ज्या बाईचा नवरा किंवा मुलगा त्या ताफ्यावर होता, तिला बातमी मिळाली आणि काहीच मिळालं नाही. जहाज परत येईपर्यंत किंवा कुणीतरी पत्र लिहीपर्यंत तिच्यासाठी एकच टिक होती.

पुढे पिकलचं काय झालं?

१८०७ च्या सुरुवातीला पिकलने फेव्हरिट नावाचं एक फ्रेंच खासगी लुटारू जहाज पकडलं, म्हणजे त्या फटाक्यांसारख्या तोफाही कामी आल्या. पण जुलै १८०८ मध्ये ती कादिझजवळच्या खडकाळ उथळ पाण्यात आपटून फुटली. माणसं सगळी वाचली. आणि त्या फेरीतही ती काय नेत होती माहितेय? पत्रंच.

आजही ब्रिटिश नौदलातले वरिष्ठ शिपाई-हुद्देदार नोव्हेंबरच्या सुरुवातीला "पिकल नाइट" साजरी करतात. ट्रफाल्गरची मोठी मेजवानी असते अधिकाऱ्यांची, नेल्सनच्या नावाने. ही असते बातमी नेणाऱ्यांची.

आणि अशी छोटी जहाजं फक्त पत्रंच नेत होती असं नाही. चार्ल्स डार्विन ज्या बीगलवरून जगभर फिरला, तीही १८२० मध्ये पाण्यात उतरलेली, १० तोफांच्या प्रकारातली अशीच एक छोटी नौदलाची ब्रिग होती. नकाशे काढायला, पाण्याची खोली मोजायला, किनाऱ्याच्या अगदी जवळ जायला मोठं जहाज काय कामाचं?

तर पुढच्या वेळी दोन टिक यायला उशीर झाला आणि चिडचिड झाली, तर चाळीस माणसं आठवा. वारा पडलाय, तोफा समुद्रात गेल्यात, केबिनमध्ये एक पत्र आहे आणि ते वल्ही मारतायत.

लेख आवडला असेल तर मित्रांना पाठवा. तुमचा तरी लगेच पोहोचेल!